जीपच्या पोटातलं लॉकर

आमच्या जीपनं किलोमीटर कमी आणि किस्से जास्त जमवले. खामगावात आम्ही चार बाया एकत्र आलो की कोणाच्या नवऱ्याचं बीपी निघते, कोणाच्या नवऱ्याचं घोरणं निघते. माही पाळी आली की सगळ्या खुर्च्या जवळ ओढतात. "सांग व, जीप काय म्हणते?" बाप्पा! नवऱ्याची खुशाली कोणीच विचारत नाही!

तर आमच्या याईले, म्हणजे माह्या नवऱ्याले, ऑफरोडिंगचा नाद आहे. चांगला रस्ता सोडून मुद्दाम चिखलात जाणं, याले ऑफरोडिंग म्हणतात. सोबत गजू, याईचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याजवळ स्वतःची गाडी नाही, पण सल्ला प्रत्येक गाडीसाठी आहे. तिसरे सलीमभाई मेकॅनिक. तिघाईत कामाचं बोलते तो एकच, आणि त्याचंच कोणी ऐकत नाही.

माह्या माहेरचं घर डोणगावकडं, शेतात. पावसाळ्यात शेवटचा रस्ता म्हणजे निव्वळ काळी माती. लग्न झालं तेव्हापासून जीप नाल्यापाशी फसते, आणि मी चपला हातात घेऊन, साडी खोचून माहेरी पोचते. माय दरवेळी म्हणते, "एकडाव तरी पोरगी दारात गाडीतून उतरलेली पाहू दे व." शेजारच्या शेतातल्या काकूची लेक ट्रॅक्टरवर का होईना, पण दारात उतरते न! काकू ते मायले वर्षभर ऐकवते.

म्हणून यंदा याईनं शब्द देला, "राखीले तुले दारातच उतरवतो." तिथून माही दैना सुरू झाली.

*

आधी मोठे टायर आले. टायर मोठे, इंजिन तेच! चढावर जीप धापा टाकाले लागली. सलीमभाई म्हणाले, "भाऊ, क्राउन-पिनियन बदला. मागचे आणि पुढचे, दोन्ही. सारखेच पाहिजेत." चाकाईले ताकद पोचवणाऱ्या दात्याईची ती जोडी असते, एवढं मले तेव्हा समजलं.

गजू म्हणाला, "मागचेच बदल बे. पुढचे कोण पाहून राह्यलं?"

मागचेच बदलले! फोर-बाय-फोर टाकलं, म्हणजे चारही चाकाईले ताकद देली, तर जीप जागेवरच कण्हाले लागली. मागची चाकं एका हिशेबानं फिरत, पुढची दुसऱ्या. तिघंही खाली वाकून पाहत होते. सलीमभाईनं गजूच्या खांद्यावर हात ठेवला.

"काहो गजूभाऊ, पुढचे दिसले का आता?"

*

पुढचे बसवाचे होते त्या दिवशी मी डबा घेऊन गॅरेजवर गेली. पाहते तर सलीमभाई नव्या दात्याईले पिवळा रंग चोपडून राह्यले.

"हे काय भाऊ, हळद लावता का?"

"हाव भाभी, तसंच समजा. हे क्राउन, हे पिनियन. जोड्यानंच येतात. फिरवून पाहायचं, डाग दातावर बराबर मधात उमटला तर जमलं. नाही तर जिंदगीभर कुरकुर."

मी याईकडं पाह्यलं. हे खाली मान घालून भाजीपोळी खात होते. आमच्या वेळेस छत्तीस गुण पाहणारे लय भेटले, पिवळा रंग लावून पाहणारा एकही भेटला नाही!

*

दोन्हीकडचे दाते बदलले आणि स्पीडचा काटा खोटं बोलाले लागला. जीप हळू चाले, काटा जोरात पळे. त्याच आठवड्यात सासूबाईले दर्शनाले शेगावले न्यायचं होतं. त्या पुढं बसल्या, नजर काट्यावर.

"ऐंशी! हळू चालव रे, जीव घेतो का माहा?"

तेवढ्यात मागून दोन्हीकडं दुधाचे कॅन लटकवलेला एक मोटरसायकलवाला आला. बाजूनं चालला, आत वाकून पाह्यलं आणि मोठ्या मायेनं विचारलं, "दादा, पेट्रोल संपलं का?"

*

एवढं करून जीप पुन्हा चिखलात फसलीच. मग निघालं लॉकर.

हे मले समजावून सांगाले बसले. "पाह्य, साध्या गाडीत जे चाक हवेत फुकट फिरते, सगळी ताकद त्यालेच जाते. जे जमिनीवर कष्ट करते, त्याले काहीच भेटत नाही."

"समजलं," मी म्हटलं, "आपल्या घरासारखं."

त्या दिवशी पुढचं समजावणं राहून गेलं.

*

लॉकर बसल्याची बातमी सासूबाईले गजूनं देली. "काकू, गाडीत लॉकर बसलं!"

सासूबाई आत गेल्या आणि सोन्याची एकदाणी, पाटल्या रुमालात बांधून घेऊन आल्या. "घे, ठेव त्याच्यात. आणि चाबी माह्याजवळ दे."

"आई, त्याले चाबी नसते. बटन असते."

"बिनचाबीचं लॉकर?" सासूबाईनं कपाळावर हात मारला. "कोणी गंडवलं रे तुले?"

इतक्या वर्षात आमचं सासूसुनेचं मत पहिल्यांदाच जुळलं होतं!

*

निघायच्या आदल्या दिवशी सलीमभाईनं बजावलं, "भाऊ, लॉकर लावलं की दोन्ही चाकं संगंच फिरतात. फसलेली गाडी निघते, पण वळाले नखरे करते. वळायचं आलं की आधी बटन बंद."

"माहीत आहे," हे म्हणाले.

माहीत आहे! मागच्या साली नाल्यात पाणी किती आहे, तेही याईले माहीतच होतं.

*

राखीच्या दिवशी सकाळपासून पाऊस. मागच्या सीटवर गजू. काऊन? तर टेक्निकल सपोर्ट! नाला आला. याईनं बटन दाबलं. जीप घुसली, गुरगुरली, डोलली, आणि दरवर्षी फसते ती जागा पार करून वर निघाली! खरं सांगते, माह्या डोळ्यात पाणी आलं. केलं बापा या माणसानं, करून दाखवलं!

घर दिसलं. माय दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी, बाजूले बाबा. घर डाव्या हाताले. याईनं स्टेअरिंग डावीकडं फिरवलं. जीप सरळ! अजून फिरवलं. तरी सरळच!

"अवो, बटन बंद करा!"

"हात नको लावू, फसन!"

"गॅस दे बे, गॅस दे!" मागून टेक्निकल सपोर्ट.

मायनं ओवाळाले भाकरतुकडा वर धरला, आणि आम्ही तिच्या समोरून निघून गेलो. मागून बाबाईचा आवाज आला, "अवो जावईबापू, घर मागं राह्यलं!"

जीप थांबली ती सरळ काकूच्या दारात. काकू धावतच बाहेर आली, आत गेली, भाकरतुकडा घेऊन आली आणि माह्यावरून ओवाळून टाकला. "आली व माय! ये, बस, चहा मांडते."

हे उडी मारून खाली उतरले. चेहरा असा फुललेला! "पाह्यलं? कुठंच फसली नाही!"

मी खाली उतरली. चपला काढल्या आणि हातात घेतल्या.