उरलेल्या पायाची बारा मिनिटं

नवरात्र संपल्यावर डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनची बारीक तार डाव्या तळव्याला दहा ठिकाणी टेकवली. "कळलं की हो म्हणा." मी दोनदाच हो म्हणालो.

डायबेटिक न्यूरोपॅथी, म्हणजे साखरेने पायाच्या नसा बधिर होणे. अकरा वर्षं मी लातुरात दर तीन महिन्यांनी रक्त तपासत होतो. आकडे वहीत आहेत. त्या अकरा वर्षांत एकाही डॉक्टरने मला मोजे काढायला लावले नाहीत. त्याचा राग अजून आहे.

त्याहून जास्त राग स्वतःचा. घरच्या रीतीप्रमाणे नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहिलो, ऑफिसातसुद्धा. पाचव्या दिवशी बायकोला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. डाव्या तळव्यात काच होती. दुखत नव्हतं, ती मी देवीची कृपा समजलो. हळद भरली आणि आणखी चार दिवस तसाच चाललो.

नांदेडला हलवलं तोवर पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. गँगरीन, म्हणजे जिवंत अंगावर मांस कुजणे. सर्जन म्हणाले, "गुडघा वाचवायचा तर आजच सही करा." तेवीस दिवसांनी एका पायाने घरी आलो.

भेटायला येणारे म्हणत, "पाय घेतला, पण जीव ठेवला की देवीनं!" मी भिंतीकडे तोंड करून पडायचो.

सिस्टरनी घरी जाताना बजावलं होतं, "उजवा पाय रोज बघायचा. आरशात तोंड बघता तसा." बायको पुढे झाली, तिच्यावर खेकसलो. माझा पाय मीच बघणार. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली, आता बारा लागतात. पाणी कोमट, तेही कोपराने तपासून, कारण पायाला कळत नाही. बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करायच्या. तळव्याखाली आरसा धरायचा. मग बेचक्या सोडून खोबरेल. उन्हात बसून टाच चोळतो. बावन्न वर्षं या पायाकडे मी धड पाहिलंच नव्हतं. चांगला पाय आहे. तेवढी बारा मिनिटं मी कुणावर चिडत नाही. साखर असलेल्यांनी हे पाय असतानाच सुरू करावं.

यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी थोरली बहीण अक्का उदगीरहून आली. दारात चपला काढत म्हणाली, "आता नऊ दिवस घालणार न्हाई. तुझ्या राहिलेल्या पायासाठी बोलले मी देवीला."

अक्कालाही साखर आहे. नऊ वर्षं.

मी ओरडलो, शेजारी डोकावण्याइतका. "माझ्या पायापायी तुझा घालवतीस व्हय?"

"थोरल्या बहिणीवर वरडतूस? लाज हाय का?"

"न्हाई. बस इथं."

तिचे पाय टबात घेतले. टाचेच्या भेगेत खडा रुतला होता, भोवती लाल झालं होतं.

"हे कवापासून?"

"कुठं काय?" म्हणत ती वाकली. मग बोटाने खडा चाचपला.

खडा मी काढला नाही. रिक्षा बोलावली, तिच्या चपला मांडीवर घेतल्या आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी खडा काढून पट्टी बांधली. म्हणाले, "वेळेत आणलंत." हे वाक्य मला कुणी म्हणालं नव्हतं.

बाहेर पायरीवर चपला तिच्यापुढे ठेवल्या. तिने पाय मागे घेतला. "बोललेलं मोडलं तर पाप लागंल."

"लागू दे. देवीला माझं नाव सांग."

"सांगतेच," अक्का म्हणाली आणि पट्टीचा पाय आधी चपलेत सरकवला.