बटणाजवळची काठी

आमच्या भागात अजून ती गोष्ट सांगतात. सण आला, बायका भांडी घासायला बसल्या, की कोणीतरी म्हणतंच : अमक्या घरची सून ओल्या हाताने विजेच्या बटणाला गेली आणि जागच्या जागी गेली. पुढे एक शब्द हमखास येतो, वेंधळी. ती बाई वेंधळी नव्हती. हे मला पक्कं माहीत आहे, कारण ते बटण मी बसवलं होतं.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. तापीकाठच्या एका गावाला लागून कापसाचं जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होतं आणि तिथे मी वायरमन होतो. उजेडासाठी वेगळं छोटं तेलाचं इंजिन होतं. ते दिवेलागणीला सुरू व्हायचं आणि जेवणखाण उरकलं की बंद. त्याच्यावर जिनची शेड, शेटजींचा बंगला आणि शेजारच्या एका गुजर शेतकऱ्याचं घर एवढीच बिजली. दिवसभर तारा नुसत्या लटकत. गावातले लोक दिवसा तारेखाली उभे राहून विचारत, ‘आते हाई मरेल शे का जित्ती?’ म्हणजे, आत्ता ही मेलेली आहे की जिवंत?

काम मी नंदुरबारच्या एका मुसलमान उस्तादांकडे शिकलो. ते एकेका गोष्टीवर अडून बसत. दिवा लुकलुकला तर आधी दिवा बदलून बघ, मग होल्डर बघ, मग बटण. उगाच सगळं उचकटू नकोस. बटण उघडण्याआधी फ्यूज काढ आणि स्वतःच्या खिशात ठेव, दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस. बटण नेहमी गरम, म्हणजे बिजली आणणाऱ्या तारेवरच घे. आणि तार सोलताना ते दरवेळी म्हणत, ‘बेटा, तार उतनीच नंगी कर जितनी छेद में छुपे.’ शेवटचा नियम त्यांचा सर्वांत कडक होता. टोपण बसवल्यावर बिजली सोडायची, होल्डरला दोन तारा जोडलेला तपासणीचा दिवा घ्यायचा, एक तार टोपणाला आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या लोखंडाला लावायची. दिवा काळा राहिला, म्हणजे टोपणात बिजली उतरली नाही, तरच हत्यारं पिशवीत टाकायची.

त्या गुजर घरातल्या ओसरीवरचा दिवा भाद्रपदात फडफडू लागला. दिवा ठीक होता, होल्डर ठीक होता. बटणाला कान लावला तर आत तळणीसारखा आवाज, आणि जळका वास. आतली स्प्रिंग मेली होती. तेव्हाची बटणं गोल असत. लाकडी गट्टूवर चिनी मातीची बैठक आणि वर पितळेचं घुमटासारखं टोपण. मी दुसऱ्या दिवशी दुपारी नवं बटण बसवलं. बिजली नव्हतीच, त्यामुळे फ्यूज काढायचीही गरज वाटली नाही. पण बिजली नव्हती म्हणजे तपासताही येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं.

मी थांबलो नाही. मला मुलगी बघायला जायचं होतं आणि दोंडाईच्याची मोटार चुकवायची नव्हती. जाताना मदतनिसाला सांगितलं, आजचं इंजिन तू चालव. तार घाईत सोलली, जरा जास्तच. बारीक तंतूंची तार, पीळ नीट दिला नाही. एखादा तंतू स्क्रूबाहेर राहून टोपणाला टेकत असेल असं टोपण फिरवतानाच बोटांना वाटलं होतं. मी ते परत फिरवून काढलं नाही. ती मुलगी पुढे माझी बायको झाली. चाळीस वर्षं संसार केला, तिलाही हे सांगितलं नाही.

परत आलो तर त्या घरची मोठी सून ओसरीवर उभी. घरात ते लोक आपली गुजर बोली बोलत, माझ्याशी अहिराणी. मी तिला वहिनी म्हणायचो. ती हसतच म्हणाली, ‘भाऊ, तुमना बटनपरीस मन्ही सासू बरी. ती सांगीसन चावस!’

आतून सासूचा आवाज आला, ‘ऐकी ऱ्हायनू मी.’

संध्याकाळी बिजली आल्यावर मी बोटांची मागची बाजू टोपणाला लावून पाहिली. पायात चपला होत्या, तरी मुंग्या आल्या. मला तेव्हाच कळलं, आत काय आहे ते. फ्यूज काढायचा, टोपण उघडायचं, तंतू कापायचा, पानसुपारी खाण्याइतकंही काम नाही. पण घरातली सगळी माणसं बघत होती. उघडलं असतं तर चूक दिसली असती, आणि त्याच महिन्यात शेटजींनी मला हेड वायरमन करायचं बोलून दाखवलं होतं. मी म्हणालो, ‘पितळ आहे, थोडं झिणझिणतं. लढाईमुळे माल येत नाही. दसऱ्यानंतर दुसरं बसवतो.’ आणि बांबूची हातभर काठी सोलून, तिला सुतळी बांधून, बटणाजवळ खिळ्याला टांगली. ‘याने दाबा.’

ती काठी त्या घरात रुळली. धाकटा दीर तिला बटणाचा चाबूक म्हणायचा. सासू रोज दिवेलागणीला ओरडायची, ‘काठी ले, काठी!’ मी येता-जाता ऐकायचो. दिवस जात होते तसं मला ते घर टाळावंसं वाटू लागलं. संध्याकाळी इंजिनचा खटका वर केला की माझी नजर आधी त्या ओसरीकडे जाई. दिवा लागला, कोणी ओरडलं नाही, की मी श्वास सोडायचो.

दसऱ्याच्या चार दिवस आधी वहिनीने मला वाटेत थांबवलं. कडेवर पाच वर्षांची मुलगी. म्हणाली, ‘भाऊ, बटननं पितळ काळं पडनं शे. सगळी भांडी घासतस तर त्ये बी चिंच लाईसन घासू का? दिवसा चावत नही ना?’

मी म्हणालो, ‘दिवसा खुशाल घासा. दिवसा ते मेलेलं असतं.’

तेव्हा तरी मी दहा पावलं चालून टोपण उघडायला हवं होतं. दिवसच होता तो.

दसऱ्याला सकाळी जिनमध्ये यंत्रांची पूजा झाली. नारळ फुटला. रिवाजाप्रमाणे पूजेनंतर इंजिन थोडा वेळ फिरवायचं. इंजिन सुरू झालं आणि शेटजी म्हणाले, ‘दिवेही लागू द्या, सण आहे.’ शेडची आणि घराची लाईन एकाच खटक्यावर होती. खटक्यावर हात ठेवला तेव्हा मला ती काठी आठवली. आठवली हे मी आजपर्यंत स्वतःशीही कबूल करत नव्हतो. माणूस पाठवून निरोप देता आला असता, घराच्या लाईनचा फ्यूज काढून ठेवता आला असता. शेटजी हळदकुंकवाचं ताट धरून वाट बघत होते. एवढ्या वेळात कोण हात लावतंय, असं मनात म्हणालो आणि खटका वर टाकला.

इंजिनच्या आवाजात ओरडणं ऐकू आलं नाही. धाकटा दीर धावत शेडमध्ये शिरला तेव्हा त्याचं तोंड नुसतं हलत होतं. मी खटका पाडला.

ओसरी नुकती सारवलेली होती, ओली. घासून झालेली भांडी उन्हात एका रांगेत पालथी घातली होती. वहिनी भिंतीशी पडली होती, मुठीत चिंचेचा चोथा. टोपण निम्मं लख्ख झालं होतं, निम्मं काळं. काठी खिळ्यावरच होती.

सासू छाती बडवून एकच वाक्य म्हणत होती : ‘काठीशिवाय हात लावू नको म्हणून शंभरदा सांगितलं होतं.’ ते खरंच होतं. जमलेल्या माणसांनी तेवढंच उचललं.

तालुक्याहून फौजदार यायच्या आत मी ‘तपासतो’ म्हणून एकटा ओसरीवर गेलो. टोपण उघडलं. तंतू तिथेच होता, टोक काळं झालेलं. पकडीने तोडला आणि खिशात टाकला. संध्याकाळी फौजदारांसमोर बिजली सोडून मी स्वतः टोपणाला हात लावून दाखवला. ‘बटण शाबूत आहे साहेब. हात ओला होता.’ त्यांनी तसंच लिहून घेतलं.

आठवड्याने उस्ताद भेटायला आले. न विचारता त्या ओसरीवर गेले, टोपण काढून आतून पाहिलं. आत पितळेवर, तंतू टेकत होता तिथे, तिळाएवढा काळा डाग होता. तो मला पुसायचा राहिला होता. त्यांनी विचारलं, ‘शाम तक रुका था?’ मी हो म्हणालो. त्यांनी टोपण परत बसवलं. त्यानंतर ते माझ्या हातचा चहा कधी प्यायले नाहीत.

त्या घराने तारा काढून टाकल्या. मी हेड वायरमन झालो.

ती पाच वर्षांची मुलगी आता नातवंडांची आजी आहे, लोणखेड्याला असते. गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने तिच्या घरी गेलो. आत शिरलो आणि दारातच थांबलो. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या बटणांच्या पाटीजवळ, खिळ्याला, सुतळी बांधलेली बांबूची काठी टांगलेली होती. तिची सून आली, काठी घेतली, पंखा लावला, काठी परत टांगली. मी विचारलं. सून लाजून म्हणाली, ‘सासूबाईंचा नियम आहे. त्यांच्या आई वेंधळेपणाने गेल्या ना.’

म्हणजे वहिनीची लेक लहानपणापासून आपल्या आईला हेच म्हणत आली होती.

मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. मोटार, तंतू, काठी, चिंच, खटका, पकड. मी थांबलो. मग ती म्हणाली, ‘म्हणजे मन्ही मायनं इचारेल व्हतं?’

‘विचारलं होतं. मीच हो म्हणालो होतो.’

मला वाटलं, आता ती मला बाहेर काढेल. तिने दोन्ही सुनांना हाक मारली, त्यांना शेजारी बसवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आते परत सांगा. पहिलेपासून.’

मी पहिल्यापासून परत सांगितलं. तिने पाणी दिलं नाही. निघताना दारात एवढंच म्हणाली, ‘लिखी द्या. मन्ह्या सुना वाचतीन, गावमा बी वाचतीन.’

म्हणून हे लिहिलं. पहिली प्रत लोणखेड्याला जाईल.