विड्याच्या पानाखालची किल्ली

गेल्या महिन्यात आडिपेरुक्कूला मी तंजावूरला होतो. तमिळ आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी तिकडे अख्खं गाव कावेरीवर जातं, नदीला हळद-कुंकू वाहतं, पिवळा दोरा बांधून घेतं आणि काठावर बसून चित्रान्न, म्हणजे लिंबाचे-चिंचेचे भात, खातं. आम्ही तिथले मराठी, कैक पिढ्या तिथेच रुजलेले... त्यामुळे हा सण आमचाही.

या वेळी पुण्याहून गाडी चालवत गेलो होतो, आणि त्यामागे एक बेत होता. आई एकोणऐंशीची, अप्पा गेल्यापासून एकटी राहते. यंदा दोनदा दूध गॅसवर ठेवून विसरली... म्हणून तिला आणि तिच्या सामानाला घेऊनच परतायचं, असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं. आईला मात्र अजून सांगितलं नव्हतं. धीरच होत नव्हता.

नदीवर ती खुशीत असते, तिथेच सांगू म्हटलं. सकाळी तिला घेऊन तंजावूरजवळच्या तिरुवैयारूच्या घाटावर आलो.

पायऱ्या दिसल्या आणि मी एकदम सात वर्षांचा झालो. अप्पा स्कूटरची किल्ली करदोट्याला बांधायचे, दोन गाठी मारायचे आणि धाडकन उडी घ्यायचे. आम्ही दोघे भाऊ वाळूत लाकडी सप्परम, म्हणजे आमचा छोटासा रथ, ओढत असायचो. अप्पा पाण्यातून वर आले की श्वास घ्यायच्या आधी कमरेला हात लावून किल्ली बघायचे... आणि पायरीवर उभी असलेली आई त्यांच्या तोंडाकडे नाही, कमरेकडेच बघत असायची!

मी करदोटा वापरत नाही. शिवाय माझी किल्ली रिमोटवाली, भिजली की संपली. तिच्यासाठी खास ऑनलाइन मागवलेलं वॉटरप्रूफ पाऊच पुण्यात चपलांच्या स्टँडवर आरामात पडलं होतं...

आईनं हात पुढे केला. "दे, पदराला बांधते." घराची किल्ली तिच्या पदराच्या गाठीत होतीच.

मला ते गॅसवरचं दूध आठवलं. "राहू दे गं," म्हणालो, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत किल्ली पूजेच्या ताटात विड्याच्या पानांखाली सरकवली. पूजेच्या ताटाला कोण हात लावतंय!

आईनं काठावर दिवा लावला, पूजा केली. शेवटी फुलं, पानं, हळद, काळे मणी असं सगळं नदीत सोडायचं असतं. पायऱ्या निसरड्या, तिचे गुडघे दुखरे, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात उभा. ती म्हणाली, तूच सोड.

लहानपणी आजी सोडायची तसं मी डोळे मिटून अख्खं ताट पाण्यात तिरकं केलं. काहीतरी डुबुक झालं. सुपारी असेल म्हटलं... मनोभावे नमस्कारसुद्धा केला.

दोरा बांधून झाला, अंग पुसून झालं आणि मग मी सवयीनं खिसे चाचपले... आणि ताट आठवलं.

शेजारी आंघोळ करणाऱ्या दोघा माणसांनी बिचाऱ्यांनी पाच-सहा बुड्या मारल्या. पाणी गढूळ, ओढ जबरदस्त. मिळाली फक्त सुपारी.

आईनं रिकाम्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अय्यो! अस्की दिलंस की रे कावेरीला!" अस्की म्हणजे सगळं. मी कपाळाला हात लावून बसलो, आणि तिनं शांतपणे माझ्यापुढे दहीभात वाढला.

मी दोन घास खाल्ले असतील. ती नदीकडे बघत म्हणाली, "मी गॅस विसरते म्हणून मला न्यायला आलास, होय ना? मला कळतं अस्की." मी भात कालवत राहिलो. "आता तू गाडीची किल्ली नदीत टाकलास... मग तुला कुठं नेऊन ठेवायचं रे?"

आणि हसायलाच लागली. मीही हसलो, खूप हसलो... आणि हसता हसता रडलो. जे बोलायला बाराशे किलोमीटर आलो होतो, ते तीच बोलून मोकळी झाली होती.

गाडी घाटाजवळ एका फुलवालीच्या नजरेखाली ठेवून आम्ही बसनं तंजावूरला परतलो. दुसरी किल्ली पुण्यात. बायको फोनवर एवढंच म्हणाली, "आणि विसरतात कोण, तर आई!" कुरिअरला चार दिवस लागले.

त्या चार दिवसांत मी पहिल्यांदा आईचं रोजचं जगणं नीट बघितलं. ती पहाटे दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढते, समोरच्या सेल्वीअक्का खिडकीतून बघतात. सहापर्यंत कोलम दिसलं नाही तर त्या येऊन दार वाजवतात. हे दोघींनी आपसात कधीच ठरवून टाकलंय. गॅसवर काही ठेवलं की आई खुर्ची ओढून तिथेच बसते, हलत नाही... आपण विसरतो हे तिला माझ्याआधी कळलं होतं, आणि तिनं त्याची सोयही केली होती. मी मात्र फोनवर नुसतं "काळजी घे" म्हणत होतो.

किल्ली आली, आणि मी एकटाच परतलो. पुढे कधीतरी तिला आणावं लागेलही, पण ते तिला विचारून.

पाण्यात उतरताना किल्ली कुठे ठेवावी, असं मला आता कुणी विचारलं तर सांगेन... काठावर जे माणूस बसलंय त्याच्या हातात द्या, आणि त्याच्यावर विश्वास ठेवा. मी तेवढंच केलं असतं तर किल्ली वाचली असती. पण मग दुसऱ्या दिवशी आईला गाडीत बसवून घेऊन आलो असतो, आणि तिच्याकडून काय हिरावून घेतलं हे मला कधी कळलंही नसतं.