दीड किलो

हवालदारांना सैन्यातून निवृत्त होऊन चाळीस वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना दुसरं नाव नाही. कोपऱ्यावर त्यांचं किल्ल्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक लाकडी टपरी, चिमटा आणि कानशी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते माझ्याकडे येतात, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालतात आणि चहा पिऊन जातात. बशीत केळं ठेवलं तर हात लावत नाहीत.

ते माझ्या दादाचे मित्र. दोघं एकाच भरतीत सैन्यात गेले. हवालदार सतरा वर्षांचे, दादा वर्षाने मोठा. पहिल्याच हिवाळ्यात दादा डोंगरातल्या चौकीवर न्यूमोनियाने गेला. त्याची ट्रंक घेऊन हवालदारच आमच्या दारात आले होते. तेव्हापासून, आधी सुट्टीवर आले की आणि निवृत्तीनंतर दर महिन्याला, त्यांचं येणं चुकलेलं नाही.

परवाच्या रविवारी त्यांनी तेलाची बुधली पिशवीतून काढलीच नाही.

"ताई, गुरुवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. उघडून बघणार म्हणे."

"बघू देत की. किल्ली नाही सापडली, तर तुम्हालाच उठवतील."

ते हसले नाहीत. "त्याआधी एक सांगायचंय. ऐकून दार लावून घेतलंत तरी माझी तक्रार नाही."

भरतीच्या पहिल्या दिवशी दादाचं वजन दीड किलो कमी भरलं होतं. त्याला परत पाठवलं, तेव्हा तो खूशच होता. छापखान्यात काम मिळत होतं.

"मीच गळ घातली. म्हटलं, उद्या केळी खा, पोटभर पाणी पी, वजन होईपर्यंत आवरून धर. मला एकट्याने जायची भीती वाटत होती, ताई. सोबत हवी होती, बाकी काही नाही. अंगात नव्हतंच त्याच्या काही, थंडी कशी झेपणार? नंतर तुमची आई मला आग्रहाने वाढायची. घास उतरायचा नाही."

मी उठून कपाटातून जुनी वही काढली. रोज पानभर लिहायची सवय शाळेतल्या सिस्टरांनी लावली, ती अजून मोडलेली नाही. हवालदार चष्मा विसरले होते, म्हणून मीच वाचलं. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

"मंगळवार. दादाने सहा केळी खाल्ली. सातवं जाईना. मी त्याला दोन तांबे पाणी पाजलं. तो पुरे म्हणत होता. मी म्हटलं, पी, नाहीतर तुला घेणार नाहीत. खूप मजा आली."

शेवटचं वाक्य मी कधी कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"तुम्ही दहा वर्षांच्या होतात," ते म्हणाले.

"आणि तुम्ही सतरा."

त्यांनी वही स्वतःकडे ओढली. अक्षरं दिसत नव्हती, तरी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून होते.

"सातवं केळं?"

"मी खाल्लं."

त्यांनी मान हलवली. मग पिशवीतून बुधली काढली आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन बसले. ते दार कुरकुरत नव्हतं.