लेडीज व्हॉलीबॉल, वीस मिनिटं

"वहिनी, व्हॉलीबॉलची मॅच साधारण किती वेळ चालते?"

मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी मला फोनवर विचारलं तेव्हा मी हरखूनच गेले होते. दोन हजार चार-पाचमधली गोष्ट. अमेरिकेत, नोव्हायला येऊन मला दोन वर्षं झाली होती. डिपेंडंट व्हिसावर असल्यामुळे नोकरी करायची परवानगी नव्हती, आणि मी विद्यापीठाच्या टीमची सेटर होते, म्हणजे मारणारीला नेमका बॉल उचलून द्यायचं माझं काम, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. समर पिकनिकला बायकांचीही मॅच ठेवा, असा धोशा मीच लावला होता.

म्हणून मी त्यांना नीट समजावून सांगितलं. व्हॉलीबॉलला घड्याळ नसतं. पंचवीस पॉइंटांचा सेट, शेवटी दोनचं लीड लागतं, त्यामुळे तो लांबूही शकतो. तीन सेट धरले तर तास-सव्वा तास.

"ओके ओके, नोट केलं," ते म्हणाले.

पिकनिकच्या दिवशी झाडाला कार्यक्रमाचा कागद लावलेला होता. पुरुषांच्या मॅचपुढे वेळ लिहिलेलीच नव्हती. आमच्यापुढे होतं: 'लेडीज व्हॉलीबॉल, वीस मिनिटं, नंतर चहा.' तळपायाची आग मस्तकात गेली.

पुरुषांनी पाच सेट खेळले. खेळले कमी, भांडले जास्त. निम्मे गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनियर. बॉल लाइनवर पडला की बाहेर, यावर एकाने काटकीने मातीत आकृती काढली, दुसऱ्याने ती पायाने पुसून बोटाने स्वतःची काढली. या वादात माझा नवरा सगळ्यांत पुढे. "अरे यार, क्लिअर आउट होता!" तोवर आम्ही कणसं भाजली, मुलांना जेवू घातलं, कागदी प्लेटा गोळा केल्या. एकालाही घाई नव्हती.

मग आम्ही उतरलो. कुणी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधलेली, कुणी अनवाणी. पहिले काही बॉल झुडपात गेले आणि बाहेरून हसू आलं. पण पुढे रंग चढला. जिने कधी बॉलला हातही लावला नव्हता अशी पुण्याची एक मुलगी उडी मारून असा फटका मारून गेली की ती स्वतःच किंचाळली. माझे हात दोन वर्षांनी जागेवर आले होते. खरं सांगते, त्या देशात पहिल्यांदाच मला मी ओळखू आले.

बावीस-बावीस. सर्व्हिस माझी. इतक्यात सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या.

"चला वहिनी, टाइम झाला! चहाचं बघायचंय ना!"

"अहो, सेट संपू द्या. तीन पॉइंट राहिलेत."

"अहो, गंमत म्हणूनच तर होतं!"

आणि मी बॉल हातात घेऊन उभी असताना त्यांनी नेट सोडायला घेतलं. नेट त्यांचं, त्यांना ते गाडीत टाकायचं होतं. दुसऱ्या टोकाची गाठ कोण सोडत होतं? माझा नवरा. समोरच्या टीममधल्या बायका एकेक करत स्टोव्हकडे गेल्या. त्यांचाही राग येतो मला, आजही. एवढ्या तीस-चाळीस पुरुषांत एकालाही चहा उकळता येत नव्हता?

मी चहाला हात लावला नाही. बॉल घेऊन गाडीत जाऊन बसले.

परतताना नवरा म्हणाला, "अगं, पिकनिकची मॅच ती. इतकं सिरियसली काय घ्यायचं?" हे त्याने म्हणावं! त्याच्या नखांत अजून त्या आकृतीची माती होती.

मागच्या सीटवरून लेकीने विचारलं, "आई, हू वन?"

"चहा," मी म्हटलं.