बाबांच्या मनगटावरची थरथर

खरं सांगायचं तर त्या शिमग्याच्या आधी माझं देवाशी चांगलंच वाजलं होतं. बाबांचे डोळे काचबिंदूने आधीच गेले होते, त्यात दिवाळीनंतरच्या एका तापाने कानही नेले. तोंड मात्र शाबूत. ते बोलायचे, आम्ही उत्तर द्यायचो, आणि ते उत्तर त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही. "माज्याशी कोन बोलत का नाय रं?" असं दिवसातून दहा वेळा विचारायचे. बायको डोळे पुसत आत जायची आणि मी देव्हाऱ्यासमोर उभा राहून सरळ भांडायचो. ह्या माणसाने तीस वर्षं तुझी पालखी खांद्यावर नाचवली, त्याचं हे फळ? मी रोज विचारतोय, तर तूही गप्पच!

मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत कामाला आहे. आम्ही हातमोजे बनवतो, पण साधे नव्हेत. डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवला की समोर खोटं जग दिसतं, आणि मोज्याच्या बोटांत बसवलेल्या बारीक मोटरी थरथरून त्या खोट्या वस्तूंचा स्पर्श खरा वाटायला लावतात. नसलेला आंबा दाबून बघणारी माणसं मी रोज बघतो. एक दिवस मनात आलं, अरे शहाण्या, जगाच्या हातांना फसवतोस, मग बापाच्या हाताला दोन खऱ्या गोष्टी सांगता येत नाहीत तुला? साहेबांना विचारून बाद मोज्यातली एक मोटर घेतली, पट्ट्यात बसवली, मोबाइलला जोडली. एक झटका म्हणजे जेवायला चला, दोन म्हणजे आंघोळ, तीन म्हणजे मी कामावरून निघालो. सकाळी बाबा झोपेत असतानाच पट्टा त्यांच्या मनगटावर बांधला. बायको म्हणाली, "अहो, पण हे काय आहे ते त्यांना कळणार कसं?" मी म्हटलं, "सवयीने कळेल. मशीन मी बनवलंय की तू?"

बाबांनी पट्टा चाचपला आणि त्यांना वाटलं, सुनेने देवाचा दोरा बांधलाय. त्यांनी तो कपाळाला लावला. दुपारी मी कंपनीतून जेवणाचा झटका दिला. दोरा आपोआप थरथरला म्हटल्यावर बाबा घाबरले. "गावचा राखणदार देव हात धरतोय माजा," म्हणाले, "माज्याकडून कायतरी चुकलंय." आणि समोरचं ताट सारून प्रायश्चित्ताचा उपास धरला. इकडे मी, जेवले नाहीत असं बायकोने फोनवर सांगितलं की आणखी झटके देतोय! जितके झटके, तितका उपास पक्का. संध्याकाळी घरी येऊन मी पट्टा काढायला गेलो, तर ते ओरडायला लागले, "दोरा काडू नुको!" शेवटी तसाच ठेवला आणि झटके बंद केले. तर दुसऱ्या दिवशी म्हणायला लागले, "सोडलान मला. देवानं पन सोडलान." उपास मात्र सोडेनात. चौथ्या दिवशी डॉक्टर येऊन सांगून गेले, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात हलवावं लागेल. ह्या वयात हा धक्का झेपेल का, ते सांगता येत नाही.

त्याच दुपारी शिमग्याची पालखी आमच्या घरापुढच्या खळ्यात आली. मला कसला उत्साह! बायकोने ओटी भरली, मी बाबांना खुर्चीवर आणून बसवलं. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. आमचा नेहमीचा ढोलवाला आजारी होता, त्याच्या जागी एक काटकुळा, पन्नाशीचा माणूस आला होता. त्याने बाबांकडे पाहिलं आणि कुणाला काही न विचारता ढोल घेऊन त्यांच्यापाशी येऊन बसला. त्यांचा डावा तळवा ढोलाच्या कातड्यावर ठेवला, उजव्या हातात टिपरू दिलं, त्यावरून स्वतःची मूठ धरली आणि मारलं. बाबा दचकले. पुन्हा मारलं. मग त्याने मूठ सोडली, तर बाबांनी आपणहून मारलं! "ढोल!" ते ओरडले. "अरे, पालकी आली!" चार दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "वाजवनारा हात कळला पायजे वो. मंग भ्या वाटत नाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. सगळं बनवलं होतं मी, पण झटका देणारा हात कुणाचा ते सांगायचंच राहिलं होतं. मोबाइल काढला, बाबांपुढे गुडघ्यांवर बसलो. त्यांचा हात माझ्या तोंडावरून फिरवला, मग त्यांची बोटं माझ्या अंगठ्यावर ठेवली आणि बटण दाबलं. मनगट थरथरलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर बाबांनी माझा अंगठा घट्ट पकडला.

"तू व्हतास?" बाबा म्हणाले. "येवडे दिवस तू बोलवत व्हतास मला?" मी त्यांचं डोकं धरून हो म्हणून हलवलं. तर म्हणतात कसे, "जल्ला मेला, मंग आदी सांगाचं नाय काय!" सगळे हसले. मी मात्र त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. मग त्यांनी विचारलं, "पेज हाय काय घरात?" बायको धावतच आत गेली.

तो ढोलवाला पालखी पुढच्या घरी पोचण्याआधीच निघून गेला म्हणे. कुणी म्हणालं वेळणेश्वराकडचा, कुणी म्हणालं बुरोंडीचा. आमच्या नेहमीच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, मी कुणाला पाठवलंच नव्हतं. मी फार खोलात गेलो नाही. यायचा तो वेळेवर आला, एवढं मला पुरे आहे.

आता देव्हाऱ्यासमोर मी भांडत नाही. देव गप्प आहे म्हणून किती महिने बोंब मारली मी! बाबांना माझी हाक राखणदाराचा कोप वाटली. माझ्याही मनगटाला त्याने किती वेळा हात घातला असेल आणि मी त्याला दुखणं म्हटलं असेल, देव जाणे. काही कळलं नाही तर आता तिथेच बसून राहतो, हात पुढे करून. कुणाचा हात आहे ते त्याला सांगायचं तेव्हा तो सांगेल. बाबा रोज दोन वाट्या पेज जेवतात, ही त्याचीच कृपा.