रातांधळ्याची आई

ज्या पोराला तिन्हीसांजेला गच्चीवर उभं राहून सांगता यायचं, की पतंगाचा मांजा कोणत्या तारेवर अडकलाय आणि त्याचा रंग कोणता, त्याला मी रातांधळा ठरवलं. कोणाच्या सांगण्यावरून नाही. ती सगळी अक्कल माझीच. तेव्हा मी तरुण असते तर वयावर ढकलता आलं असतं. पण मी पन्नाशीला टेकले होते, गल्लीत शहाणी म्हणून माझं नाव होतं, आणि भांडण सोडवायला बायका मलाच बोलवत.

मुलाला अवजड गाडीचं लायसन नुकतंच मिळालं होतं. त्याआधी काही वर्षं तो शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टमध्ये क्लीनर होता, म्हणजे गाडी धुवायची, ताडपत्री बांधायची आणि ड्रायव्हरच्या शिव्या खायच्या. लायसन आलं तसं त्याच सेठनं त्याच्यापुढे दोन कामं ठेवली. एक लोकल. कळमन्याच्या बाजारातून धान्याची पोती भरायची, शहरात, कामठीत, रामटेकात दुकानादुकानांत उतरवायची आणि संध्याकाळी घरी जेवायला यायचं. दुसरं लाइनचं. संत्री घेऊन दिल्ली नाहीतर कलकत्ता गाठायचं आणि परतीचा माल मिळेल तेव्हा परतायचं. लाइनमध्ये पैसा जास्त आणि रुबाबही. लोकलवाल्याला तिथले ड्रायव्हर घरजावई म्हणत.

"विचार कर, सोमवारी सांग," सेठ म्हणाला होता.

पोरगा विचार करायला बसला तो गप्पच झाला. ताटात भाकरी कुस्करत बसायचा. गप्प माणूस दूर जायच्याच गोष्टी मनात घोळवतो, असा माझा तेव्हाचा सिद्धांत होता. तो कुठून आणला होता, देव जाणे.

शेजारणींना मी सांगत होते, की अपघाताची भीती वाटते. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सांगायची आजही लाज वाटते. आमच्या यांची सारी उमर कामठीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेली आणि त्यात कान गेले. मी शेजारणीची अशी नक्कल करावी की भिंतीनंही हसावं, तर हे पान चघळत म्हणत, "मीठ बरोबर आहे." घरात माझ्या बोलण्यावर हसणारा माणूस एकच होता, आणि तो दिल्लीला निघाला होता. मला पोराची काळजी होतीच. पण त्याहून जास्त मला माझा ऐकणारा जाऊ द्यायचा नव्हता.

म्हणून शनिवारी मी सांबारवड्या तळल्या. कोथिंबिरीचं झणझणीत सारण, वरून खुसखुशीत. लग्नात मिळालेल्या, माझं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात भरल्या, वाटेत दोनदा ऑटो आणि एकदा बस बदलून वाडी गाठली, आणि पोरगा गाडी घेऊन पेट्रोल पंपावर गेल्याची खात्री करून सेठच्या ऑफिसात शिरले.

सेठ स्वतः जुना ड्रायव्हर. गुडघे गेले म्हणून खुर्चीत बसला होता. त्यानं वडी उचलली आणि म्हणाला, "बोला माय."

"पोराचं सांगाचं होतं जी. आईच्या तोंडून निघू नये, पण सांगाच लागते."

"काहून, पिते का?"

"पीत असता तर सांगतलंच नसतं," मी म्हणाले. "त्याले रात्री दिसत नाही."

वडी परत डब्यात गेली.

"म्हणजे?"

"दिवसा घारीची नजर. अंधार पडला का त्याले भिंत आन म्हैस सारखीच."

भिंत आणि म्हैस मला तिथेच सुचलं होतं, आणि सांगायला नको, मला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

सेठनं हात पुसले. मग म्हणाला, "माय, लोक पोराची खोट लपवतात. तुम्ही इतक्या दुरून सांगाले आल्या. माही गाडीच नाही, रस्त्यावरचे किती जीव वाचवले तुम्ही." आणि त्या गेलेल्या गुडघ्यांवर जोर देऊन मला दारापर्यंत सोडायला उठला. तो मान मी घेतला. पदर सावरून, मान किंचित खाली घालून, अगदी त्यागमूर्ती होऊन घेतला. डबा तिथेच विसरले.

सोमवारी पोरगा दुपारीच घरी आला. "सेठनं लाइन देत नाही म्हटलं."

"जाऊ दे बापा," मी लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की त्यानं माझ्याकडे पाहायला हवं होतं. "लोकल तर आहे."

"लोकलबी नाही. कळमन्यात गाड्या पहाटे अंधारातच भरतात ना वं. म्हणे आधी डोळे दाखव, मग पाहू."

कळमन्याचं धान्य मी जन्मभर खाल्लं. पण ती पोती चहापाणी करून, ऊन आल्यावर भरत असतील असंच मी धरून चालले होते. माझ्या हुशारीत एवढंच राहून गेलं होतं. एक दार बंद करायला गेले आणि दोन्ही बंद करून आले.

वाडीत बातमी चहाच्या टपरीवरून फिरते. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. भर दुपारी एक म्हातारा ड्रायव्हर त्याच्या नाकापुढे पंजा धरून म्हणाला, "किती बोटं आहेत सांग गा." हे पोरानं मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. त्यानंतर बरेच दिवस तो घरात हसला नाही.

मग एका संध्याकाळी मी दारातल्या ओट्यावर वाल सोलत होते, तर शेजारी येऊन बसला. शेंगा हातात घेतल्या, पण सोलल्या नाहीत.

"माय, लहानपणी मले अंधारात दिसत नव्हतं काय वं?"

"कोण म्हणते?"

"सेठले कोणीतरी सांगतलं. सेठ नाव घेत नाही. मले तर तसं काही आठवत नाही. पण तुले माहीत असन."

एक 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. वाल सोलता सोलता म्हणता आलं असतं. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग सांगितलं कोणी?

"थोडंसं," मी म्हणाले. "बत्ती गेली का तू चौकटीले धडकत होता."

बत्ती गेली की आम्ही सगळेच चौकटीला धडकत होतो. ते मी सांगितलं नाही.

"तसं असन मग," तो म्हणाला, आणि त्यानं विश्वास ठेवला. आईनं सांगितलं होतं ना.

खोटं निभवायचं तर त्याला खायलाही घालावं लागतं. मी रोज गाजर द्यायला लागले. पपई, शेवग्याचा पाला, परत गाजर. एक दिवस आमचे हे ताटात डोकावून म्हणाले, "पोराचा ससा बनवून राहिली काय वं?" त्या घरात तेव्हा खरं बोलणारा हा एकच माणूस उरला होता, आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं.

पण गंमत तिथेच संपली. पोरानं अंधार पडल्यावर मोटारसायकल काढणं सोडलं. जिना उतरताना भिंतीला हात लावू लागला. एकदा मी वाळवण आणायला गच्चीवर जात होते, तर तो कठड्याशी उभा होता. दिवेलागण झाली होती. एक डोळा झाकून तो तारांकडे पाही, मग दुसरा झाकून पाही, मग दोन्ही उघडून. मांजा शोधत होता. मी पायरीवरूनच मागे फिरले. निदान तेव्हा तरी वर जाऊन बोलायला हवं होतं. मी खाली येऊन गाजर किसायला घेतलं.

सरकारी दवाखान्यात डोळे दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. तरी याचं समाधान नाही. "त्यायनं दिवसा पाह्यले," मला म्हणाला. माझ्या 'थोडंसं'पुढे डॉक्टरही कमी पडले.

शेवटी तोच सेठकडे गेला. म्हणाला, तुम्ही बाजूला बसा, मी अंधारात चालवून दाखवतो, चुकलो तर पुन्हा तोंड दाखवणार नाही. सेठ रिकाम्या ट्रकमध्ये त्याच्या बाजूला बसला, आणि सूर्य बुडाल्यावर दोघं रामटेकच्या रस्त्याला लागले. वळणं, समोरून येणारे दिवे, बिनदिव्याच्या बैलगाड्या. एका ठिकाणी पोरानं मध्येच ब्रेक मारला. सेठला समोर काही दिसेना. पोरानं बोट दाखवलं. रस्त्याच्या कडेला काळी म्हैस बसली होती.

सेठ तिथेच हसायला लागला म्हणे. त्याला भिंत आणि म्हैस आठवलं असणार. परत आल्यावर त्यानं कपाटातून डबा काढला, पोराच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "आईले सांग, वड्या मस्त होत्या."

पोरानं तो डबा आणून ओट्यावर ठेवला. नाव माझ्याकडे करून ठेवला. मी पाहिलं, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "झाकण कुठे आहे?"

हसला नाही. पुढचे शब्द तो अगदी हळू बोलला.

"मी सोमवारी लोकलच सांगणार होतो. बाबाले ऐकू येत नाही, तू दिवसभर कोणापाशी बोलशीन म्हणून. लोक घरजावई म्हणले असते, म्हणू दिलं असतं."

मी डबा बाजूला सारला. "मग घे ना लोकल. मी सांगते साऱ्याइले, का मी खोटं बोलली."

"आता कशी घेऊ? आता लोकल घेतली तर लोक म्हणतीन, याले रात्री दिसतच नाही. सेठले सांगून आलो मी. लाइन."

तरी मी गेले. दुसऱ्याच दिवशी वाडीच्या त्या टपरीवर उभी राहिले आणि बसलेल्या सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं, की पोराचे डोळे चांगले आहेत, खोट माझ्यात आहे. पंजा धरणारा तो म्हातारा चहाचा घोट घेऊन म्हणाला, "बाई, मंग तुमचेच डोळे दाखवा." सगळे हसले. लोकांना हसवायची मला जन्मभर हौस. पण त्या दिवशी कळलं, की हसवणं वेगळं आणि हसं होणं वेगळं.

पहिल्या फेरीला गाडी निघाली ती सकाळी. संत्री भरलेली, ताडपत्री ताणून बांधलेली. सेठनं नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. आमचे हे गाडीला हळदकुंकू लावत होते आणि इंजिनाच्या आवाजात पहिल्यांदाच सगळ्यांइतकंच ऐकत होते. मी वड्यांचा तोच डबा पोराच्या सीटमागे ठेवला. या वेळी दुसऱ्या डब्याचं झाकण लावून.

तो पाया पडायला वाकला. मी त्याचा खांदा धरला आणि म्हणाले, "सेठले जाऊन खोटं सांगतलं, ते माह्यं चुकलं रे बापा."

तो उभा राहिला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. डब्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला,

"सेठचं जाऊ दे वं माय. मी तुले ओट्यावर बसून विचारलं होतं."